पाणसापांची नऊ कार्डं

आमच्या मागच्या बागेतल्या तळ्यात जे पाणसाप आले त्यांची नऊ कार्डं मी केली. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ, लांबी, खुणा आणि शेवटी 'पकडणारा'. हा शेवटचा रकाना खरं म्हणजे आखायची गरज नव्हती, कारण नऊही कार्डांवर त्यात एकच शब्द आहे: लिफ्टवाले. पण आखलेला रकाना रिकामा सोडवत नाही. चौतीस वर्षं मी ग्रंथालयात कार्डं लिहिली. नवं पुस्तक आलं की त्याचं कार्ड करायचं आणि खणात योग्य जागी लावायचं, एवढंच माझं काम. ग्रंथालयात होतो म्हटलं की लोकांना वाटतं, यांनी पुष्कळ वाचलं असेल. मी पहिली चार पानं वाचली आहेत. मात्र पुष्कळ पुस्तकांची.

तळं माझ्या बायकोचं. ती टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर तिने बागेत दोन खाटांएवढा खड्डा खणून घेतला, त्यात काळं जाड प्लास्टिक अंथरलं, कडेने दगड लावले, कोपऱ्यात छोटा पंप बसवला आणि सोळा मासे सोडले. हाक मारली की ते वर येतात, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं, ते खाऊच्या डब्याचा आवाज ऐकून येतात. हे मी तिला कधी बोललो नाही. अशा पुष्कळ गोष्टी मी बोललेलो नाही, आणि त्यातल्या बहुतेक बरोबरच होत्या का, हेही मला नक्की सांगता येणार नाही.

पहिल्यांदा साप आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. "अहो, बाहेर या! लवकर!" अशी हाक आली. मी खिडकीशी गेलो. तळ्याच्या दगडावर मातकट हिरवा, अंगावर काळ्या चौकटी असलेला साप पसरला होता आणि त्याच्या तोंडात लाल माशाची शेपूट हलत होती. दुसऱ्या कोणी काठी घेतली असती. मी कपाटाकडे गेलो आणि सापांचं पुस्तक काढलं. खिडकीत बसून, चष्मा पुसून, चित्रं ताडून पाहत मी पाणसापापर्यंत पोहोचलो तोवर बायकोने फोन करून माणूस बोलावलाही होता.

तो माणूस म्हणजे लिफ्टवाले. आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केलेली. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात गारवा असतो, तिथे साप येऊन पडतात. ते काढता काढता त्यांचा हात बसला. आता निवृत्त, एकटे, पुलापलीकडच्या चाळीत राहतात. डावा गुडघा वाकत नाही. त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली, ताठ पाय एका बाजूला टाकून दगडावर बसले आणि नुसतं पाणी बघत राहिले. मग हात असा आत गेला की पाण्यावर तरंग उठला नाही. बाहेर आला तो साप घेऊनच.

"वहिनी, पिशवी."

"बिनविषारी आहे," मी खिडकीतून सांगितलं.

"हो साहेब," ते म्हणाले. साप त्यांच्या मनगटाला तीन वेढे घालून बसला होता.

बायको हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. तसं ती हसत नाही असं नाही. पण ते फोनवर, बहिणीशी बोलताना. मी खिडकी लावून घेतली. पुस्तक जागेवर ठेवलं. नंतर बराच वेळ मला ते उलटं ठेवल्यासारखं वाटत राहिलं, म्हणून उठून बघून आलो. सुलटंच होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा साप. पुन्हा फोन. या वेळी तिला नंबर शोधावा लागला नाही. ती ऑपरेटर होती, तिला अर्ध्या शहराचे नंबर पाठ असतात, असं मी स्वतःला समजावलं. लिफ्टवाले आले, साप धरला, चहा झाला. चहा बागेत झाला. मी आतून कपांचा आवाज ऐकत होतो. त्यांनी कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या नवरदेवाची गोष्ट सांगितली. बायकोला हसून हसून ठसका लागला. ती गोष्ट मलाही ऐकायची होती, हे सगळ्यात वाईट.

माणसाच्या पोटात दुखायला लागलं की तो औषध शोधतो. मला कार्डं सापडली. ग्रंथालयात संगणक आले तेव्हा कोऱ्या कार्डांचे गठ्ठे रद्दीत निघाले होते. त्यातले दोन मी घरी आणले होते. कशाला, ते तेव्हा माहीत नव्हतं. त्यातलं एक काढून पहिल्या सापाची नोंद मी आठवणीतून केली. लगेच दुसरं कार्ड घेऊन, चपला न घालताच, बागेत गेलो. साप अजून पिशवीत होता.

"मला जरा याची नोंद करायची आहे," मी म्हणालो. माझा आवाज किरटा निघाला.

लिफ्टवाल्यांनी लगेच साप बाहेर काढला, डोकं दोन बोटांत धरलं आणि माझ्यापुढे केला. "लिहा साहेब. सावकाश लिहा. हा कुठे जात नाही आता."

अशी नऊ कार्डं झाली. दर वेळी ते साप धरून उभे राहायचे, मी खुणा उतरवून घ्यायचो. डोळ्याखालच्या रेघा, पाठीवरच्या चौकटी, शेपटी. मला वाटायचं, आता इथे माझंही काही काम आहे. पण माझं डोकं कार्डात असताना त्या दोघांचं बोलणं माझ्या डोक्यावरून चालू असायचं. बायको म्हणायची, "तुमचा गुडघा कसा आहे?" माझी पाठ दुखते हे तिला माहीत आहे, पण ती पाठ कशी आहे हे तिने शेवटचं कधी विचारलं, ते मला आठवेना. अशा वेळी माझं अक्षर बिघडायचं. पाचव्या कार्डावर तर 'शेपटी' हा शब्द मी दोनदा लिहिला आहे.

आणि माझ्याच कार्डांनी माझा घात केला. बायको शेजारीपाजारी सांगू लागली, "आमच्या तळ्यातून नऊ साप काढले त्यांनी!" कोणाला खरं वाटलं नाही की ती आत येऊन माझा कार्डांचा डबा उचलायची. "हे बघा, यांनी लिहूनच ठेवलंय." माझ्या सुवाच्य अक्षरात त्या माणसाची कीर्ती गल्लीभर फिरत होती.

एका दुपारी ती झोपली असताना मी सगळी कार्डं टेबलावर मांडली. लांबीच्या क्रमाने लावावीत असा विचार होता. पहिलं, सव्वातीन फूट. दुसरं, सव्वातीन. तिसरं, सव्वातीन. मग मी खुणांचा रकाना वाचला. डाव्या डोळ्याखालची दुसरी रेघ मध्येच तुटलेली. पुढच्या कार्डावर तेच. त्याच्या पुढच्यावरही. शेपटीचं टोक बोथट, तुटल्यासारखं. नऊच्या नऊ कार्डांवर.

ग्रंथालयात मला काम शिकवणारे साहेब एकच वाक्य सांगायचे: आधी खण, मग पेन. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा खण उघडून बघायचं, ते आपल्याकडे आधीपासून आहे का. असेल तर नवं कार्ड करायचं नाही, जुन्यावरच प्रत वाढवायची. चौतीस वर्षांत मी हे एकदाही विसरलो नव्हतो. इथे नऊ वेळा विसरलो.

पण त्या दुपारी हे माझ्या मनातही आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. साप एकच होता! हा माणूस तो जवळच कुठेतरी सोडत होता, साप घरी परत येत होता आणि त्याच्या मागोमाग हाही येत होता. चहा प्यायला. माझ्या बायकोला हसवायला. मी पकडला होता त्याला. काठी न उचलता, हात न भिजवता, कागदावर.

त्यानंतर अकरा दिवस मी वाक्यं जुळवत होतो. आंघोळ करताना, दाढी करताना. दाढी करताना एकदा कापलंसुद्धा.

दहाव्यांदा साप आला तेव्हा माझी मेव्हणी राहायला आली होती. तिचं तोंड म्हणजे चालू नळ. लिफ्टवाल्यांनी साप वर काढला तशी तिने टाळ्या वाजवल्या.

"ताई, काय गं माणूस आहे! आणि भावोजी, साप आला की तुम्ही काय करता?"

"कार्ड लिहितात," बायको म्हणाली.

"सापाचं? त्याला काय पुस्तक न्यायचंय घरी?"

दोघी हसल्या. लिफ्टवाले हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी नेहमीसारखा साप माझ्यापुढे केला. "लिहा साहेब."

"लिहायची गरज नाही," मी म्हणालो. "याचं कार्ड आहे माझ्याकडे."

मी खिशातून गठ्ठा काढला आणि एकेक कार्ड वाचायला सुरुवात केली. लांबी, रेघ, शेपटी. लांबी, रेघ, शेपटी. चौथ्या कार्डापर्यंत मेव्हणीचं हसणं थांबलं. मी नऊही वाचली.

"नऊ साप नाहीत," मी शेवटी म्हणालो. "एकच आहे. तुम्ही तो जवळच सोडता. तो परत येतो, मग तुम्ही परत येता."

"हो," लिफ्टवाले म्हणाले.

मी पुढची तीन वाक्यं पाठ केली होती. ती त्यांनी नाकारलं तर बोलायची होती. ती वाया गेली.

"हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच वेळी ओळखला. शेपूट तुटलीय ना त्याची."

"आणि तरी गल्लीभर नऊ साप पकडले म्हणून मिरवताय?"

त्यांनी सापाचं अंग दुसऱ्या हातावर नीट घेतलं, त्याला ओढ बसू नये म्हणून. मग हळूच म्हणाले, "मी कधी म्हणालो नऊ साप? मी नऊ वेळा आलो. नऊ साप तुमच्या कार्डांवर आहेत, साहेब."

पंप तेवढा गुळगुळत होता. मग मेव्हणीने तोंडावर पदर धरला. "भावोजी, साप साप म्हणून भुई धोपटलीत, आणि साप तुमच्याच खिशात!"

बायको हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"मी पुलाखाली सोडतो, कालव्यात," लिफ्टवाले तिला सांगू लागले, मला नाही. "पुढे खाणीपर्यंत न्यायला हवा, पण गुडघ्यामुळे तेवढं चालवत नाही. हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. चुकलं माझं." त्यांनी पिशवीला गाठ मारली, पँट खाली केली, चपला घातल्या. त्या ताठ पायात चप्पल घालायला त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही तिघं तिथे उभे होतो. चहाचा कप तसाच राहिला, त्यावर साय धरली.

मेव्हणी जाताना फाटकाशी माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला, असं आमची आई म्हणायची. तुम्ही दोन्ही खरं केलंत, भावोजी."

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"साप एकच आहे ते."

"हो. त्यांनी दुसऱ्याच वेळी सांगितलं, तुम्ही कार्ड लिहून आत गेलात तेव्हा. मीच म्हटलं, यांना सांगू नका."

"का?"

तिने सुरी खाली ठेवली. "निवृत्त झाल्यापासून तुम्ही त्या खुर्चीतून उठला होतात का? जेवायला, झोपायला; बस. त्या दिवशी अनवाणी बाहेर आलात. कार्ड घेऊन. डोळे कसे झाले होते माहितीये तुमचे? म्हटलं, होऊ देत दहा साप. होऊ देत वीस."

मला यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आणि मासे? तुझे मासे खातो तो."

"वर्षात चार खाल्ले. पिल्लं अकरा झाली."

"म्हणजे ते सगळं माझ्यासाठी होतं."

"मग कोणासाठी?" असं म्हणून तिने पुन्हा सुरी उचलली.

ते उत्तर होतं की प्रश्न, हे मला त्या दिवशी कळलं नाही. रात्रभर मी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. माझ्यासाठी होतं असं मानलं तर मी लहान मुलासारखा ठरत होतो, ज्याला दोन मोठी माणसं खेळवत होती. माझ्यासाठी नव्हतं असं मानलं तर काय, तो विचार मी पूर्ण करत नव्हतो. एवढं मात्र खरं, की त्या दोघांमध्ये वर्षभर एक गुपित होतं आणि ते गुपित मी होतो. नवरा-बायकोत गुपितं असतात. आमच्यात मला तरी एकही आठवेना.

लिफ्टवाले येईनासे झाले. बायको बोलायची, पण कामापुरतं: दूध आलं, गॅस संपलाय, औषध घेतलंत का. तळ्याशी ती आता पूर्वीएवढा वेळ बसत नसे. मासे वर यायचे, तोंडं उघडून थांबायचे. मी एकदा डबा वाजवून बघितला. ते माझ्याकडे आले नाहीत. म्हणजे डब्याचं माझं म्हणणंही चूक होतं.

साप मात्र वेळेवर आला. सकाळी मीच पाहिला. कमळाच्या पानांखालून डोकं वर काढून तो पडला होता, आणि मासे सगळे पंपाच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढले होते.

"साप आलाय," मी आत जाऊन सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. पेपरातून डोकं वर न काढता.

"फोन करतेस?"

"मी नाही करणार. कुठल्या तोंडाने करू? लावलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही."

मी पुस्तक काढलं नाही. पाणसाप विषारी नसतो हे मला दहा वेळा पाहून पाठ झालं होतं. जुना उशीचा अभ्रा घेतला, चपला काढल्या, पायजमा दुमडला आणि लिफ्टवाले बसायचे त्याच दगडावर बसलो. त्यांच्यासारखं पाणी बघत राहिलो. ते काय बघायचे कोण जाणे. मला माझंच तोंड दिसत होतं. पाठीला कळ आली. बऱ्याच वेळाने साप कडेला सरकला तेव्हा मी हात घातला. तरंग उठला नाही असं नाही, चांगलं अर्धं तळं अंगावर आलं. पण साप हातात होता. फक्त मी त्याला डोक्यामागे धरायच्या ऐवजी मध्यावर धरलं होतं. तो वळला आणि अंगठ्याच्या खाली कडकडून चावला.

पाणसापाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. हात झटकला तर जखम फाटते; सुटेपर्यंत स्थिर राहावं. हे मी वाचलं होतं. वाचलेलं आयुष्यात एकदा कामी आलं. मी स्थिर राहिलो. घाण वास सुटला, सापाने माझ्या पायजम्यावर सगळं सोडलं होतं. रक्त मनगटावरून तळ्यात टपटपत होतं. त्याने जबडा सैल केला तसा मी त्याला अभ्र्यात टाकला आणि गाठ मारली. एक, मग दुसरी, मग खात्री नव्हती म्हणून तिसरी.

मागे वळलो तर बायको दारात उभी होती. हातात डेटॉलची बाटली आणि कापूस. ती कधीपासून तिथे उभी होती, माहीत नाही. तिने हात धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. बांधून झाल्यावर म्हणाली, "पायजमा बदला आधी. कुठे निघालात?"

"सोडायला."

पुलापर्यंत गेलो. खाली कालवा वाहत होता. इथे सोडला असता तर तीन आठवड्यांत परत आला असता, आणि मग पुन्हा सगळं आलं असतं: फोन, पिशवी, चहा. मी ठरवलं की खाणीपर्यंत जायचं, म्हणजे हा विषय एकदाचा संपेल. पण खाणीची वाट मला माहीत नव्हती. लिफ्टवाल्यांची चाळ पुलापलीकडेच आहे. वाट विचारायला गेलो असं मी म्हणेन. पण खरं सांगायचं तर मला त्यांना माझा हात दाखवायचा होता.

त्यांनी दार उघडलं, आधी पिशवीकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"मध्यावर धरलात?"

"हो."

"मीही पहिल्यांदा तसाच धरला होता. बसा."

बसायला एकच खुर्ची होती. भिंतीवर लिफ्टच्या बटणांची पितळी पट्टी, शून्यापासून आठपर्यंत, घासून लखलखीत. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडे घातलेले. खिळ्याला हँगरवर इस्त्री केलेला निळा शर्ट होता. तो शर्ट मी ओळखला. दहाही वेळा ते तोच घालून आले होते. साप पकडायला, चिखलात हात घालायला, इस्त्रीचा शर्ट. मी त्याच्याकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नजर खाली वळवली. ते माझ्यासारखेच लाजले. मला राग यायला हवा होता. रागच आला असेल. पण त्याबरोबर दुसरंही काही आलं, त्याला कुठल्या रकान्यात घालावं ते मला समजेना.

"खाणीकडे कसं जायचं?" मी विचारलं.

"खाणीत सोडलात तर परत नाही यायचा तो."

"नाही."

"बरं होईल. माशांना," ते म्हणाले. आणि वाट सांगू लागले. डावीकडे वळा, पाण्याची टाकी लागेल, तिथून पायवाट. मी ऐकत होतो, पण डोक्यात काही राहत नव्हतं.

"तुम्हीच चला ना," मी म्हणालो. "दाखवायला."

"गुडघा."

"मला तरी कुठे पळायचंय? पाठ धरलीये माझी."

आम्ही निघालो. त्यांनी निळा शर्ट घातला नाही, अंगावरच्याच सदऱ्यावर आले. पाण्याच्या टाकीपर्यंत तीनदा बसलो. मला काय बोलावं कळेना म्हणून मी त्या अडकलेल्या नवरदेवाचं पुढे काय झालं ते विचारलं. त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चांगली होती. मी हसलो, आणि हसता हसता मला वाटलं, असा माणूस असल्यावर कोण हसणार नाही. त्याने पोटदुखी कमी झाली नाही. उलट तिला आता कारण सापडलं.

खाणीत हिरवं पाणी साचलं होतं, काठाला लव्हाळी. माझ्या तीन गाठी मला सुटेनात. त्यांनी सोडल्या. साप अभ्र्यातून निघाला, जिभेने हवा चाटली आणि लव्हाळ्यात गेला. लिफ्टवाले बराच वेळ तिकडे बघत होते.

परतताना पुलावर मी थांबलो. हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. "गुरुवारी चहाला या."

"साप तर गेला, साहेब."

"मासे आहेत."

ते कठड्याला टेकले, ताठ पाय पुढे सोडून. "वहिनींना विचारलंत?"

"नाही."

"मग आधी विचारा."

घरी पोचलो तेव्हा बायको तळ्याशी बसली होती. मासे वर आले होते. मी सांगितलं की साप खाणीत सोडला, तो आता परत येणार नाही. ती म्हणाली, "बरं केलंत. हात बघू." पट्टी थोडी ओली झाली होती. ती सोडून नवी बांधत असताना मी म्हणालो, "लिफ्टवाल्यांना चहाला बोलवावं म्हणतो. गुरुवारी. साप नसला तरी."

तिचे हात थांबले नाहीत. "चारला सांगा," ती म्हणाली. "तीनला ऊन असतं बागेत, आणि त्यांना त्या दगडावर बसवू नका, खुर्ची काढून ठेवा, गुडघा आखडतो त्यांचा."

हे ती इतकं चटकन म्हणाली, जसं काही कधीचं ठरवून ठेवलं होतं. मला पहिल्यांदाच त्या सापाची आठवण जड झाली. तो तळ्यात असता तर लिफ्टवाले सापासाठी येतात असं तरी म्हणता आलं असतं. आता ते येणार, आणि ते माझ्या बायकोसाठी येतात की माझ्यासाठी की त्या एका पेल्याला कंटाळून येतात, हे मला कुठल्याही पुस्तकात ताडून बघता येणार नव्हतं.

"दोन खुर्च्या की तीन?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "तुम्ही काय खिडकीत बसणार आहात?"